काकी बॅटरी घेऊन ओट्यावर बसते

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका २९ वर्षांची, दक्षिण रायगडातल्या एका डोंगरवाडीची. चित्रकला शिकून आता मुंबईत नोकरी करते. जुलै २०२१ च्या पावसात वाडीवर दरड आली. काही घरं गेली, माणसं गेली. उरलेली वाडी आता खाली, रस्त्यालगतच्या नव्या वसाहतीत राहते. ‘हवामान बदल आणि विस्थापन’ या विषयावर गावात कलेतून संवाद घडवण्यासाठी एका संस्थेने तिला थोडा निधी दिला आहे. गणपतीत आवाज-प्रकाशासह दरडीचा हलता देखावा, वसाहतीच्या भिंतीवर मोठं चित्र आणि मुलांचं पथनाट्य, असा तिचा बेत होता. मे महिन्यात मंडळाच्या बैठकीत तिने तो मांडला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिची चुलती उठली आणि म्हणाली, “आमची मानसं देखाव्यात मांडायला न्हाय गेली.” तरुण पोरं म्हणाली, आधी नळाला पाणी येऊ दे, नाटकं मग बघू. पत्रलेखिकेचा प्रश्न : हे सगळं हवामान बदलामुळे झालं, हे या लोकांना समजावू कसं? की हा नाद सोडून देऊ? ताज्या कलमात तिने लिहिलं आहे : काकीची तब्येत बरी नसते, जोराचा पाऊस लागला की ती रात्रभर बॅटरी घेऊन ओट्यावर बसते, सांगूनही आत येत नाही. (गाव ओळखू येईल असे तपशील काढले आहेत.)

प्रिय मुली,

पत्रात तू मला मावशी म्हटलं आहेस, तेव्हा एकेरीतच बोलते. पत्र तीनदा वाचलं. पहिल्या दोन्ही वेळा बैठकीतच अडकले. तिसऱ्यांदा वाचताना ताज्या कलमापाशी थांबले. त्याबद्दल शेवटी बोलू.

आधी काकींचं वाक्य. ते तुला फार लागलं आहे, आणि लागणारच. पण त्या चित्राला नाही म्हणालेल्या नाहीत, नाटकालाही नाही. त्या ‘देखावा’ या शब्दाला नाही म्हणाल्या. देखाव्यापुढे काय होतं ते आठव. दोरी बांधलेली असते, माणसं रांगेने येतात, दोन मिनिटं बघतात, कुणी फोनवर टिपून घेतं, हातावर प्रसाद पडतो आणि रांग पुढे सरकते. ज्यांचं दुःख मांडलेलं आहे ती माणसं दोरीच्या पलीकडे, बघणारे अलीकडे. तुला संवाद हवा होता आणि तू असा प्रकार निवडलास ज्यात एका बाजूने फक्त बघायचं आणि दुसऱ्या बाजूने फक्त बघून घ्यायचं. त्यात दरडीचा आवाज! ज्यांनी तो आवाज खरा ऐकला आहे, त्यांच्या दारात स्पीकरवरून. हे तू मुद्दाम केलं नाहीस हे मला कळतं. तू मुंबईत शिकलीस, तिथे लक्ष वेधून घेणं हा कामाचा पहिला धडा असतो. तुझ्या वाडीचं लक्ष मात्र २०२१ पासून त्या डोंगरावरून हललेलंच नाही.

तुझ्या पत्रात ‘जागृती’ हा शब्द पाच वेळा आला आहे, मी मोजले. लोक बोलत नाहीत म्हणजे त्यांना कळत नाही, असं तू धरून चालली आहेस. माझं माहेर चिपळूणचं, त्यामुळे याबद्दल थोडं सांगू शकते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, तेव्हा माझ्या भावाचं दुकान गेलं. पुढे कितीतरी महिने त्याने त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. वहिनीने विचारलं तर उठून जायचा. पण दुकानाच्या खांबावर त्याने गेरूने एक आडवी रेघ ओढून ठेवली होती. तिच्याखाली वीतभर अंतरावर जुनी रेघ, वडिलांच्या हातची, २००५ च्या पुराची. दुकानात कुणी नवं माणूस आलं की भाऊ त्याला काही न बोलता त्या खांबाशी उभं करायचा आणि त्याच्या डोक्यावरून हात नेऊन रेघेला टेकवायचा. एवढंच. मग समोरचा माणूस आपणहून सांगू लागायचा, आमच्याकडे जिन्याची कितवी पायरी बुडाली, आमची गाय कुठे सापडली. अर्धा-अर्धा तास माणसं त्या खांबाला टेकून बोलत असत. आता तूच सांग, ते चित्र नव्हतं का? रंग एकच, रेषा दोनच, आणि संवाद म्हणशील तर तुझ्या संस्थेच्या कुठल्याही अहवालात बसेल असा.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की तुझ्या वसाहतीत बोलणं आधीपासून चाललेलं आहे. ते कुठे चाललं आहे, हे आधी शोधायला हवं.

आता ‘समजावू कसं’ याकडे येते. घराघरातल्या म्हाताऱ्यांना तू ‘हवामान बदल’ हा शब्द देऊ पाहते आहेस. त्यांच्याकडे पावसासाठी आधीच शब्द आहेत, आणि ते बारीक आहेत. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा, हे तूही लहानपणी ऐकलं असशील. तरण्याने धिंगाणा घालावा आणि म्हाताऱ्याने काठी टेकत सावकाश यावं, अशी ती समजूत. पुष्य नक्षत्र लागतं २० जुलैच्या आसपास आणि ऑगस्टच्या सुरुवातीला संपतं. आता तारखा लावून बघ. महाड तालुक्यातल्या जुई-दासगावच्या दरडी २००५ च्या जुलैअखेरच्या. आंबेगाव तालुक्यातलं माळीण, ३० जुलै २०१४, १५१ माणसं. तळिये, २२ जुलै २०२१, ८० हून अधिक माणसं. इर्शाळवाडीची रात्र १९ जुलै २०२३ ची, म्हणजे पुष्याच्या उंबरठ्यावरची. तिथे २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जणांचा पत्ता लागला नाही, चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. म्हाताऱ्या पावसाने चार वेळा डोंगर उतरवला. ऐन जुलैत पाऊस जोरात असतोच, डोंगर तेव्हा भिजून जड झालेला असतो, त्यामुळे या तारखा जवळ येणं नवलाचं नाही. पण तुझ्या वसाहतीतल्या एखाद्या आजीला नुसतं विचार, ‘पूर्वी पुष्याचा पाऊस कसा पडायचा?’ आणि गप्प बस. हवामान बदलाचं व्याख्यान ती तुला देईल.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली मांडलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, ज्यात महाराष्ट्रही येतो, मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतो आहे, वाऱ्यांबरोबर जास्त बाष्प येतं आणि ते एका ठिकाणी रितं होतं. हे तुला ठाऊक आहेच. आजीला आकडा ठाऊक नसेल, पण म्हाताऱ्याच्या हातातली काठी जाऊन कुऱ्हाड कधी आली, हे तिने डोळ्यांनी पाहिलं आहे. तिचं बोलणं आणि तुझा आकडा शेजारी शेजारी बसले पाहिजेत. आकडा वर आणि आजी खाली, असं नको.

आणखी एका ठिकाणी मला तुला अडवायचं आहे. ‘हे सगळं हवामान बदलामुळे झालं’ असं तू लिहितेस. पाऊस वाढला हे खरं. पण डोंगराचा पायथा रस्त्यासाठी कुणी कापला? वरची झाडं कुठे गेली? भेगा पडल्या तेव्हा कुणाला कळवलं होतं आणि पुढे काय झालं? तुझ्या गावात यातलं काय घडलं ते मला माहीत नाही, पण गावाला माहीत असणार. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाबद्दल अहवाल दिला, त्यात ग्रामसभांना विचारून निर्णय घ्या, असा आग्रह होता. तो अहवाल किती वादात सापडला हे आपण पाहिलं. तू जर भिंतीवर तापलेली पृथ्वी आणि धुराड्यांचं चित्र काढलंस, तर या बाकीच्या प्रश्नांतून सगळे मोकळे होतील. लोक गप्प बसले त्यामागे हेही असू शकतं. त्यांच्या मनात एक हिशेब आहे आणि तू त्यांना दुसराच वाचून दाखवते आहेस.

मग करायचं काय? माझ्या मनात आलेलं सांगते. तुझ्यासारखीच पत्रं मला किनाऱ्यावरच्या एका शिक्षकांकडून आणि धरणाच्या वसाहतीत वाढलेल्या एका मुलाकडूनही आली आहेत. तेव्हा हे त्यांनाही लागू पडावं.

तुमच्याकडे गौरी-गणपतीत जाखडी, म्हणजे सवाल-जवाबाचा नाच-गाण्याचा खेळ, होते, हे तू ओझरतं लिहिलं आहेस, जणू ती तुझ्या प्रकल्पाच्या आड येते. अगं, संवादाचा याहून पक्का साचा तुला कुठे मिळणार? एका बाजूला शक्तीवाले, दुसऱ्या बाजूला तुरेवाले. गण-गौळण झाली की एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे जवाब द्यायचा, आणि मांडवातले लोक रात्रभर बसून कुणाचा जवाब पडला ते ठरवणार. प्रश्न विचारणं हाच त्याचा खेळ आहे. बघ, असा एखादा सवाल :

पुष्याचा पाऊस म्हातारा, काठी टेकत यायचा,
पडवीत बसून सावकाश गोष्ट सांगत जायचा,
त्याच्या हाती कुऱ्हाड दिली कुणी, सांग शाहिरा मला,
एका रात्रीत डोंगर माझा पायथ्याला का आला?

तुमचे शाहीर बांधतील ते याहून ठसकेबाज असेल. तू त्यांच्याकडे विषय घेऊन जा, संहिता घेऊन जाऊ नकोस. शक्तीवाल्यांनी पावसाला दोष द्यावा, तुरेवाल्यांनी माणसाला, नाहीतर उलट. दरडीच्या खुणाही त्यात येऊ देत : एकाएकी दार चौकटीत अडकायला लागणं, जमिनीला भेग पडणं, झाडं आणि खांब कलणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं. पत्रकावर छापलेल्या खुणा कुणी वाचत नाही, पण गाण्यातला सवाल पोरं दुसऱ्या दिवशी गुणगुणत शाळेत जातात. आणि हे तुमच्यापुरतं नाही. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नसलेल्या शेजारच्या वाडीत तुमची जाखडीची बारी लागली, तर तिथल्या एखाद्या माणसाला आपल्या परसातली भेग आठवेल.

किनाऱ्यावरच्या सरांना सांगेन, तुमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घातलं जातं. एकाने म्हणायचं आणि सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’ करायचं. समुद्र किती आत आला, कुणाची माडं गेली, हे त्या गाऱ्हाण्यात येऊ शकतं का, ते तुमच्या मानकऱ्यांना विचारा. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजातली मंडळी चित्रकथी जपून आहेत. एकेक चित्र उचलायचं आणि गात गात त्याची कथा सांगायची. तिकडे बंगालमध्ये मेदिनीपूरच्या पटुआ चित्रकारांनी २००४ च्या त्सुनामीनंतर तिचे पट रंगवले आणि त्यावर गाणी रचली. परंपरेत नवं संकट मावतं. आतल्या माणसाने मावून घेतलं तर.

आता दुसरी गोष्ट, आणि ही माझ्या फार जवळची आहे. तुझी भिंत तूर्त तशीच राहू दे. त्याऐवजी वसाहतीच्या मैदानात जुनी वाडी आख. फक्कीने, जशी कबड्डीचं मैदान आखताना मारतात तशी. आणि तू आखू नकोस, तू फक्त फक्कीची बादली धरून उभी राहा. पहिली रेघ पाण्याची काढायला सांग, म्हणजे पऱ्ह्या कुठून यायचा ती. मग पायवाट, मग देऊळ, मग सहाण, म्हणजे पालखी बसते तो चौथरा. त्यानंतर बघ काय होतं. कुणीतरी म्हणेल, पऱ्ह्या इतका सरळ नव्हता, फणसापाशी वळायचा. दुसरा म्हणेल, फणस नाही, तो बिवळा. भांडण होईल, होऊ दे. माझ्या ओळखीतल्या एका धरणग्रस्त कुटुंबाने लग्नघरी असा नकाशा अंगणात काढला होता. घराची जागा ठरवताना तीन भाऊ तासभर वाद घालत होते, आणि मोठी बहीण न बोलता जाऊन एका रिकाम्या जागेत उकिडवी बसली. “इथं आपली चूल,” म्हणाली. वाद संपला. मग तिने बसल्या जागेवरून हाताने दाखवायला सुरुवात केली, इथे वळई, इथे माजघर, इथून सासूबाई हाक मारायच्या. ज्या बाईने कधी कुणाच्या मुलाखतीला तोंड उघडलं नव्हतं, ती दिवेलागणीपर्यंत बोलत होती.

बायकांना बोलायला हाताशी काम लागतं, हे तर आपल्या जात्यानेच दाखवून दिलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. घरात ज्याला तोंड फोडता आलं नाही ते या बायकांनी पीठ पाडता पाडता जात्याला सांगितलं. तुझ्या वसाहतीत आता जातं नसेल, पण गोधड्या शिवल्या जात असतील, आगोटीची वाळवणं होत असतील. तिथे जाऊन बस. वही घेऊन नाही, सुई घेऊन.

हा नकाशा काढायला शिमग्याचे दिवस उत्तम, कारण तेव्हा चाकरमानी आलेले असतात आणि पालखी निघते. मला पत्रात न सापडलेला एक प्रश्न विचारते : पालखी आता कुठून कुठे जाते? नव्या वसाहतीत घरं ओळीने आहेत, वाडीत ती मानाप्रमाणे आणि भावकीप्रमाणे होती. पहिला मान कुणाच्या दारात? जी घरं आता नाहीत, त्यांची ओटी कोण भरतं? विस्थापन हा जड शब्द ज्यांना कळत नाही असं तुला वाटतं, ती सगळी माणसं या प्रश्नावर बोलतील. फक्कीच्या नकाशावरून, त्या आखलेल्या दारांपुढून पालखी एकदा फिरवायची का, हे मात्र तू सुचवू नकोस. गुरव आणि मानकरी ठरवतील. त्यांना सुचलं तर सुचलं.

आता पोरांचं म्हणणं, आधी पाणी. ते बरोबर आहे, आणि ते तुझ्या विषयाच्या बाहेर नाही. डोंगर सोडायला लावला आणि खाली नळ कोरडा, हेच तर विस्थापन. गुरं कुठे बांधायची, वरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी पेरायला रोज चढून जायचं का, सातबारा कुणाच्या नावावर, हे प्रश्न फक्कीच्या नकाशावर उभं राहून विचारता येतात. ग्रामसेवकांना आणि सरपंचांना त्या दिवशी बोलवा. कागदावरचा अर्ज त्यांनी शंभरदा पाहिला असेल. ‘इथे आमचा झरा होता, बारमाही,’ असं त्या जागेवर उभं राहून सांगणारा माणूस त्यांना वेगळा ऐकू येईल. या पोरांना तुझ्या नाटकात घ्यायची गरज नाही, तूच त्यांच्या अर्जाला चित्रं काढून दे. मग ती तुझ्याकडे येतील.

भिंत रंगवायचीच असेल, तर एक सांगते. सरळ बाजूंचा एक पत्र्याचा डबा घ्या, तो वळचणीपासून आणि झाडांपासून दूर, उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीने आतलं पाणी मोजा आणि डबा रिकामा करा. हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं. जेवढे मिलिमीटर पाणी, तेवढ्याच उंचीचा पट्टा मुलांनी त्या दिवसाच्या नावाने भिंतीवर रंगवायचा, खऱ्या मापाने. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर खात्याच्या भाषेत मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. तिघांना तीन रंग द्या. कोकणात ६५ मिलिमीटरचं कुणाला काही वाटत नाही, म्हणून तर हे डोळ्यांना दिसायला हवं. आणि भिंतीच्या सुरुवातीला एकच पट्टा तुझ्या हातचा : जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला, तेवढा उंच. दोन फूट. सावित्री तिथूनच उगम पावून तुमच्या तालुक्यांकडे उतरते. पहिलीतलं पोर त्या पट्ट्याशेजारी उभं राहिलं तर त्याच्या कमरेपर्यंत येईल. पावसाळ्याच्या शेवटी त्या भिंतीवर जे उभं राहील ते गावाने चार महिने मिळून काढलेलं चित्र असेल, आणि पुढच्या वर्षी तुलना करायला ते असेल.

पथनाट्य मी सोडून देईन. मुलांना दरडीत गाडलं जाण्याचा अभिनय करायला लावू नये, एवढंच म्हणते.

काही गोष्टी आधी विचारून घे, आणि प्रत्येक घरी वेगळी विचार : गेलेल्यांची नावं घ्यायची का? फोटो चालतील का? कुठली गोष्ट अजिबात नको? ज्यांनी नाही म्हटलं, त्यांना कारण विचारू नकोस. कार्यक्रमाला बाहेरचे कॅमेरे नकोत, निदान पहिल्या वर्षी. कुणी कोसळलं, रडू आवरेना असं झालं, तर जवळ बसणारं माणूस आधीच ठरवून ठेव, गावच्या आरोग्यसेविकेला, आशाताईंना सांगून ठेव. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते आणि मराठीतही बोलता येतं. तो आकडा मांडवात दिसेल असा लाव.

संस्थेला सरळ कळव, की गणपतीत देखावा होणार नाही आणि काम शिमग्यापर्यंत चालेल. मानतील तर उत्तम. गर्दीचे आणि रडणाऱ्या बायकांचे फोटो हवेतच, असा त्यांचा हट्ट असेल तर पैसे परत कर. फक्की, गेरू आणि पत्र्याचा डबा यांना निधी लागत नाही.

आणि ‘नाद सोडून देऊ का’ याचंही उत्तर देते. हो, तोही एक मार्ग आहे आणि त्यात लाज नाही. वाडी तयार नसेल तर हे सगळं दोन-चार वर्षांनी करता येईल, किंवा दुसऱ्याच कुणाला करता येईल. मात्र मला वाटतं तुला सोडवणार नाही. कारण तू पत्रात एका ओळीत लिहिलं आहेस, ‘त्या रात्री मी मुंबईत होते,’ आणि लगेच पुढच्या वाक्यात निधीच्या रकमेकडे वळली आहेस. त्या ओळीवर मी बराच वेळ थांबले. जी माणसं तिथे नव्हती, त्यांच्या मनात एक वेगळंच ओझं असतं. माझ्याही मनात आहे, पूर आला तेव्हा मी पुण्यात टीव्हीसमोर बसले होते आणि भावाचा फोन लागत नव्हता. त्या ओझ्यापायी आपण घाईघाईने काहीतरी मोठं उभं करायला बघतो. मंडळाच्या बैठकीत तू सगळं सांगितलंस, हे एक वाक्य सांगितलंस का? कदाचित वाडी तुझ्याकडून तेच ऐकायची थांबली असेल.

आता ताजं कलम. काकींची तब्येत बरी नसते म्हणून तू काळजीने ते लिहिलंस. त्यांची झोप, त्यांची भीती याकडे डॉक्टरांनी बघायला हवं, ते टाळू नकोस. पण मला तिथे आणखीही काही दिसतं. पाऊस वाढला की वसाहत झोपते आणि एक बाई बॅटरी घेऊन ओट्यावर बसते. त्या काय ऐकत असतील? पाण्याचा आवाज बदलला का, वरून दगड घरंगळला का, कुत्री कुठल्या अंगाला भुंकतात. २०२१ पासून प्रत्येक पावसाळ्यात त्या पहारा देत आहेत आणि आपण त्यांना आत येऊन झोप म्हणतो आहोत. पाऊस मोजायचा तो डबा ठेवायचा झाला, तर त्यांच्या ओट्यासमोर ठेव. पट्टी त्यांच्या हातात दे. लिहिता येत नसेल तर बोट लावून दाखवतील, शाळेत जाता जाता एखादं पोर आकडा उतरवून घेईल.

यंदाही २० जुलैच्या सुमाराला पुष्य लागेल. त्या आठवड्याची रजा आत्ताच टाक. गावी जा, बरोबर काही नेऊ नकोस, रंगसुद्धा नको. रात्री पाऊस वाढला आणि काकी उठल्या, की तूही ऊठ. एक घोंगडी घे आणि त्यांच्या शेजारी ओट्यावर बस.

तुझी,
मावशी